खाडा कोणाचा?

भिंतीवरच्या कॅलेंडरवर दूधवाल्याचे आणि कामवाल्या बाईंचे खाडे मांडून ठेवण्याची आपल्याला जुनी सवय आहे. महिनाअखेरीला त्या फुल्यांचा हिशेब होतो आणि पैसे कापले जातात. क्षयरोगाच्या उपचारांविषयीची आपली सार्वजनिक चर्चा मला नेहमी या कॅलेंडरची आठवण करून देते. दर वर्षी २४ मार्चच्या, म्हणजे जागतिक क्षयरोग दिनाच्या आसपास ती जागी होते आणि दर वर्षी त्याच ठिकाणी येऊन अडते: औषध फुकट आहे, पोषणासाठी खात्यात पैसेही जमा होतात, तरी लोक कोर्स मध्येच सोडतात, मग हा रोग हटणार कसा? एक बाजू म्हणते, गोळ्या चुकवणाऱ्यांचा भत्ता थांबवा, गरज पडली तर कायद्याचा धाक दाखवा. दुसरी म्हणते, ही माणसे अडाणी आहेत, त्यांचे प्रबोधन करा. दोन्ही बाजू तावातावाने भांडतात, मात्र खाडा रुग्णाचाच आहे याबद्दल त्यांच्यात एकमत असते. माझा आक्षेप या एकमतावर आहे. सहा महिने रोज गोळी घेतली जाणे हे रुग्णाच्या स्वभावापेक्षा कितीतरी अधिक प्रमाणात औषधाची रचना, त्याचा पुरवठा, दवाखान्याची वेळ आणि घरातले धान्य यांवर अवलंबून असते. म्हणून खाडे मोजायचेच असतील तर ते आधी उपचार देणाऱ्या यंत्रणेचे मोजावेत आणि रुग्णाच्या खाड्याला शिक्षा लावण्याचा विचार सोडून द्यावा.

विरोधी बाजूचे म्हणणे पोकळ नाही. क्षयरोग हवेतून पसरतो, त्यामुळे फुप्फुसाचा क्षय झालेल्या माणसाने उपचार घ्यावेत की नाही हा निव्वळ त्याचा खासगी मामला राहत नाही. मधुमेहाची किंवा रक्तदाबाची गोळी चुकवणारे आपल्या शेजाऱ्याला मधुमेह देत नाहीत. (या गोळ्या चुकवणारे सुशिक्षितांत किती असतात याचा अंदाज हवा असेल तर जागतिक आरोग्य संघटनेचा २००३ चा अहवाल पाहावा: विकसित देशांतही दीर्घकालीन औषधे नियमित घेणाऱ्यांचे प्रमाण सरासरी निम्मे होते. त्यांना कोणी बेजबाबदार म्हटल्याचे ऐकिवात नाही.) दुसरे म्हणजे, अर्धवट उपचारांतून औषधांना न जुमानणारे जंतू तयार होतात, हेही खरे. आणि बरे वाटू लागताच गोळ्या बंद करणारे, दारूपायी सगळेच विसरणारे रुग्ण असतात, हे गावोगावच्या आशाताई सांगतील. या औषधांची गंमत अशी की वेगाने वाढणारे बहुतेक जंतू पहिल्या काही दिवसांतच मरतात, खोकला कमी होतो, भूक परतते. मात्र मंदगतीने जगणारे थोडे जंतू टिकून राहतात आणि त्यांना संपवण्यासाठी पुढचे चार-पाच महिने लागतात. म्हणजे शरीर जेव्हा ‘आता पुरे’ असे सांगत असते, तेव्हाच उपचार आणखी चिकाटी मागत असतात. इतकी चिकाटी सगळ्यांच्या अंगी आपोआप येईल, असे कोणी मानू नये.

परंतु चिकाटी आपोआप येत नसेल तर ती पुरवावी कोणी? अगदी अलीकडेपर्यंत उपचार सोडलेल्या रुग्णाला सरकारी कागदावर ‘डिफॉल्टर’ म्हणत; कर्ज बुडवणाऱ्याला बँक म्हणते तोच शब्द. जागतिक आरोग्य संघटनेने २०१३ मध्ये तो आपल्या व्याख्यांतून काढला, तरी अनेकांच्या बोलण्यातून तो गेलेला नाही. या बाबतीत आपली भाषा अधिक शहाणी म्हणावी लागेल. मराठीत आजारी माणूस पथ्य पाळतो हे खरे, पण ‘पथ्यपाणी’ त्याचे दुसरे कोणीतरी पाहते: भात मऊ शिजवणारे, काढा उकळून देणारे, वेळ झाली की हाक मारणारे. पथ्यपाणी बघायला घरात कोणी नव्हते, हे वाक्य आपण रुग्णावरचा ठपका म्हणून उच्चारत नाही.

रुग्णाच्या भरवशावर किती सोडायचे हा वाद भारतातच, तेव्हाच्या मद्रासमध्ये, शास्त्रीय कसोटीवर उतरला. तिथे १९५६ मध्ये सुरू झालेल्या केमोथेरपी केंद्राने, म्हणजे क्षयावरच्या औषधोपचारांचा अभ्यास करणाऱ्या संस्थेने, क्षयरोग्यांचे दोन गट केले. एका गटाला वर्षभर सॅनेटोरियममध्ये, म्हणजे क्षयरोग्यांच्या आरोग्यधामात ठेवले. दुसऱ्याला तीच औषधे देऊन शहरातल्या दाटीवाटीच्या घरांत राहू दिले. १९५९ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले तेव्हा दोन्ही गटांत जवळपास सारखेच रुग्ण बरे झाल्याचे दिसले, आणि घरी राहिलेल्यांच्या कुटुंबीयांना त्यामुळे जास्त लागण झाल्याचेही आढळले नाही. पाचगणी-मिरजेची हवा आणि महिनोन्‌महिन्यांची विश्रांती ज्यांना परवडणे शक्यच नव्हते अशा लाखो लोकांसाठी ही सुटकेची बातमी होती. त्याच केंद्रातले डॉ. वॉलेस फॉक्स मात्र एका गोष्टीने अस्वस्थ होते: घरी दिलेल्या गोळ्या पोटात जातात का? त्यांनी लघवीच्या तपासण्या केल्या, अचानक घरी जाऊन उरलेल्या गोळ्या मोजल्या आणि बरेच रुग्ण गोळ्या चुकवतात हे दाखवून दिले. सॅनेटोरियमच्या भिंती ज्यांनी पाडल्या, त्यांच्याच हातून देखरेखीचा पाया घातला गेला.

याच देखरेखीतून पुढे ‘डॉट्स’ आले: कर्मचाऱ्यासमोर गोळी गिळायची. भारताने १९९७ पासून ही पद्धत मोठ्या प्रमाणावर राबवली आणि २००६ पर्यंत ती देशभर पोहोचली. त्या काळात बरे होणाऱ्यांचे प्रमाण वाढले, हे नाकारण्यात अर्थ नाही. पहाऱ्याचा पुरस्कार करणाऱ्यांचा हाच सर्वांत भक्कम मुद्दा आहे. पण डॉट्सची अंगे पाच होती. सरकारची बांधिलकी, थुंकीची सूक्ष्मदर्शकाखाली तपासणी, समोर बसवून दिलेला अल्पमुदतीचा उपचार, औषधांचा अखंड पुरवठा आणि प्रत्येक रुग्णाची नोंद. या पाचांतले ‘समोर बसवून’ एवढेच आपल्या लक्षात का राहिले? भारतीय डॉट्समधली मला सर्वांत मोलाची वाटणारी वस्तू म्हणजे पुठ्ठ्याचा एक खोका. उपचार सुरू करतानाच रुग्णाच्या नावाचा खोका बाजूला काढला जाई आणि त्यात त्याच्या संपूर्ण कोर्सच्या गोळ्या असत. साठा संपो, अधिकारी बदलो, त्या नावाची औषधे दुसऱ्या कोणाला द्यायची नाहीत. हे शासनाने रुग्णाला दिलेले वचन होते आणि ते हातात धरून पाहता येत असे. उलट, निव्वळ पहाऱ्याचा परिणाम किती, हे तपासण्यासाठी निरनिराळ्या देशांत चाचण्या झाल्या. त्यांचा एकत्रित आढावा वैद्यकीय चाचण्यांची छाननी करणाऱ्या कॉक्रेन संस्थेने २०१५ मध्ये घेतला, तेव्हा समोर गोळी गिळणाऱ्यांत आणि स्वतःच्या हाताने घेणाऱ्यांत बरे होण्याचे प्रमाण फारसे वेगळे नसल्याचे दिसले. यशाचे श्रेय पाच जणांचे असताना सत्कार एकाचाच झाला, आणि तोही नेमका शिपायाचा.

आता औषधांना दाद न देणाऱ्या क्षयाकडे वळू, कारण शिक्षेची भाषा बहुधा त्याच्याच आडून बोलली जाते. १९९१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात धारावीतल्या शंभर खासगी डॉक्टरांना क्षयरोगासाठी काय लिहून देता असे विचारले असता त्यांनी ऐंशी वेगवेगळ्या औषधयोजना सांगितल्या. जवळपास वीस वर्षांनी तोच प्रश्न पुन्हा विचारला गेला. या वेळी १०६ डॉक्टर होते आणि औषधयोजना ६३. यातल्या बहुतेक चुकीच्या होत्या. २०१२ च्या सुमारास मुंबईत जवळजवळ कोणत्याच औषधाला दाद न देणारे रुग्ण सापडल्याने देशभर खळबळ माजली. त्या रुग्णांपैकी काहींचा पूर्वेतिहास पाहिला तर एकामागून एक खासगी डॉक्टरांनी चुकीच्या मात्रेत, एकेक करून औषधे वाढवत नेल्याचे आढळले. सरकारी बाजूही निर्दोष नव्हती. पहिला उपचार फसलेल्या किंवा सुटलेल्या रुग्णाला ‘कॅटेगरी दोन’ नावाची योजना वर्षानुवर्षे दिली गेली, ज्यात जुनीच औषधे आणि सोबत फक्त स्ट्रेप्टोमायसिनची इंजेक्शने असत. फसलेल्या मिश्रणात एकच नवे औषध कधीही मिसळू नये, हा क्षयचिकित्सेचा पहिला धडा आहे. कारण मग जंतू तेही पचवतात. ही योजना वापरू नका, असे जागतिक आरोग्य संघटनेने सांगितले ते २०१७ मध्ये. तोवर तिची सर्व इंजेक्शने एकही खाडा न करता घेतलेल्या माणसाच्या शरीरात जो प्रतिरोध वाढला, तो कोणाच्या नावावर मांडायचा?

यावर आकडेवारी पुढे केली जाते, आणि ती खरी आहे. भारताच्या राष्ट्रीय सर्वेक्षणात बहुऔषधप्रतिरोधी, म्हणजे एकाहून अधिक मुख्य औषधांना दाद न देणारा क्षय नव्या रुग्णांत २.८४ टक्के, तर पूर्वी उपचार घेतलेल्यांत ११.६ टक्के आढळला. म्हणजे चौपट. पण पूर्वी उपचार घेतलेल्यांत ज्यांचा कोर्स पूर्ण होऊनही रोग उलटला तेही येतात, आणि ज्यांना मुळातच चुकीची औषधे मिळाली तेही. शिवाय नव्या रुग्णांनी तर क्षयाची एकही गोळी चुकवलेली नसते, कारण ती त्यांनी घेतलेलीच नसते. त्यांना हा रोग श्वासातून, तयार प्रतिरोधासह मिळाला: लोकलच्या डब्यात, दहा बाय दहाच्या खोलीत किंवा दवाखान्याच्याच कोंदट रांगेत.

औषधाचा स्वतःचा त्रास हा विषय तर चर्चेत जवळपास येतच नाही. मळमळ, सांधेदुखी, कावीळ, हातापायांची जळजळ हे नेहमीच्या गोळ्यांचे झाले. प्रतिरोधी क्षयावर अनेक वर्षे कानामायसिनची इंजेक्शने दिली जात आणि त्याने कित्येकांचे कान गेले. मुंबईच्या नंदिता वेंकटेशन यांची श्रवणशक्ती अशीच गेली. त्यांनी उपचार पूर्ण केले, आणि पुढे दक्षिण आफ्रिकेच्या फुमेझा टिसिले यांच्यासह बेडाक्विलीन या नव्या औषधाच्या पेटंटची मुदत वाढवण्यास २०१९ मध्ये हरकत घेतली. २०२३ मध्ये भारतीय पेटंट कार्यालयाने ती मुदतवाढ नाकारली. त्यांच्या जिद्दीचे कौतुक करावे तेवढे थोडेच. तरीही कान जाऊ लागल्यावर इंजेक्शन थांबवणाऱ्या एखाद्या तरुणाला ‘बेफिकीर’ म्हणण्याचा अधिकार त्या कौतुकातून आपल्याला मिळत नाही. प्रतिरोधी क्षयाचा अठरा-वीस महिन्यांचा उपचार आता अनेक रुग्णांसाठी सहा महिन्यांवर आणि केवळ गोळ्यांवर आला आहे. चिकाटीची व्याख्यानमाला न वाढवता खाडे कमी करण्याचा हा सरळ मार्ग आहे.

मग मोजमापाचा प्रश्न येतो. अलीकडे देखरेखीचे काम फोनकडे सोपवण्याचा उत्साह आहे. ‘नाइन्टीनाइन डॉट्स’ या पद्धतीत पाकिटातून गोळी काढली की मागे दडलेला फोन क्रमांक दिसतो आणि त्यावर मिस्ड कॉल दिला की त्या दिवशीची गोळी घेतल्याची नोंद होते. मला यावरून विहिरीसाठी केलेल्या विद्युत सर्वेक्षणाची आठवण होते. त्यात जमिनीत चार सळया ठोकतात, बाहेरच्या दोहोंतून वीज सोडतात, आतल्या दोहोंमधला दाब मोजतात आणि त्यावरून खालच्या थरांचा विद्युतरोध काढतात. शेतकरी म्हणतो, यंत्राला पाणी दिसले. यंत्राला पाणी दिसत नाही, रोध दिसतो. आणि आपल्या काळ्या कातळाच्या प्रदेशात ओला मुरूम व चिकणमातीचा थर पुष्कळदा सारखाच रोध दाखवतात. इतकेच नव्हे, तर थरांच्या जाडीच्या आणि रोधाच्या वेगवेगळ्या जोड्यांतून पृष्ठभागावर एकच आलेख मिळू शकतो. भूभौतिकीच्या अभ्यासकांना हे पक्के माहीत असते, म्हणून ते गावची भूरचना, आसपासच्या विहिरींचे थर आणि शेवटी प्रत्यक्ष बोअर यांच्याशी आलेख ताडून पाहतात. मिस्ड कॉलही असाच वरून घेतलेला आलेख आहे. चेन्नई आणि मुंबईसारख्या शहरांत रुग्णांच्या लघवीतल्या औषधाच्या अंशाशी या नोंदी ताडून पाहिल्या गेल्या, तेव्हा त्या पुरेशा भरवशाच्या निघाल्या नाहीत. काहींनी गोळी घेतली होती पण फोन केला नव्हता, काहींनी नेमके उलटे केले होते. नोंदीतल्या एका कोऱ्या चौकोनाखाली कावीळ असू शकते, संपलेला साठा असू शकतो, नवऱ्याच्या खिशातला घरातला एकुलता एक फोन असू शकतो, दारूही असू शकते. या सगळ्या शक्यतांतून ‘बेफिकिरी’ हा एकच थर दर वेळी निवडायचा, हे मोजमाप कोणत्या शास्त्रात बसते?

बीडच्या ऊसतोड कामगारांचे उदाहरण घेऊ. दसरा-दिवाळीच्या सुमारास हंगाम सुरू होतो आणि मार्च-एप्रिलपर्यंत चालतो. म्हणजे जवळपास सहा महिने, क्षयाच्या कोर्सएवढेच. नवरा-बायकोच्या ‘कोयत्या’ने मुकादमाकडून उचल घेतलेली असते आणि टोळी पश्चिम महाराष्ट्रात किंवा कर्नाटकात, आज या फडात तर उद्या त्या फडात असते. तिथेही ‘खाडा’ हाच शब्द आहे: कामाचा दिवस बुडला की उचलीच्या हिशेबात दंड. हा दंड किती जाचक आहे ते २०१९ मध्ये महाराष्ट्राला कळले, जेव्हा पाळीच्या दिवसांचे खाडे टळावेत या विवंचनेतून बायकांनी गर्भाशये काढून घेतल्याच्या बातम्या आल्या. अशा बाईला ऑक्टोबरमध्ये क्षयाचे निदान झाले, तर तिच्यापुढे दोन खाड्यांतली निवड उरते. गोळ्या आणायला दवाखान्यात गेली तर कामाचा खाडा, फडात थांबली तर गोळीचा. कागदोपत्री तिचा निक्षय क्रमांक, म्हणजे सरकारी नोंदणीतला क्षयरुग्णाचा क्रमांक, देशभर चालतो आणि कोणत्याही केंद्रातून औषध मिळायला हवे. पण पहाटे अंधारात फडात शिरणाऱ्या आणि रात्री बैलगाडी भरून मोकळ्या होणाऱ्या माणसासाठी ते केंद्र उघडे असते कधी? तिच्या गोळ्यांचा हिशेब ठेवणाऱ्या यंत्रणेने तिला निघताना पूर्ण हंगामाची औषधे का दिली नाहीत, हा प्रश्न मला तिच्या जबाबदारीच्या जाणिवेपेक्षा अधिक महत्त्वाचा वाटतो.

सक्तीचे काय होते हे पुण्याने १८९७ मध्ये पाहिले आहे. प्लेगच्या साथीत रँडच्या अधिकाराखाली गोरे सोजीर घरोघर शिरले, माणसे विलगीकरणात नेली, सामान बाहेर फेकले. प्लेग जीवघेणा होता आणि रोगी वेगळे काढण्याला त्या काळी वैद्यकीय आधारही होता. तरी परिणाम असा झाला की लोक आजारी माणसे लपवू लागले, आणि लपवलेला रोगी हा कोणत्याही साथीचा सर्वांत मोठा मित्र असतो. त्याच वर्षी मार्चमध्ये सावित्रीबाई फुले रोग्यांना आपले पुत्र यशवंतराव यांच्या दवाखान्यात पोहोचवता पोहोचवता प्लेगनेच गेल्या. त्या दवाखान्यात कोणाला सोजीर पाठवून आणावे लागले नव्हते. सक्तीच्या बाजूने १९९० च्या दशकातल्या न्यूयॉर्कचा दाखला देतात. तिथे उपचार टाळणाऱ्यांना रुग्णालयात डांबण्याचा अधिकार वापरला गेला, हे बरोबर. पण तो हजारोंतल्या मोजक्या लोकांवर. बाकीच्यांसाठी कर्मचारी घरापर्यंत गेले, प्रवासखर्च आणि जेवणाची कुपने दिली गेली, आणि आधीच्या काळात निधी कापून मोडलेली क्षयरोग सेवा पुन्हा उभी करण्यावर मोठा पैसा ओतला गेला. आपल्याला त्या शहरातली कोठडी तेवढी हवी आहे, कुपन नको. भारतातही कायद्याचा बडगा आहे, पण तो २०१८ च्या अधिसूचनेने क्षयरुग्णांची माहिती न कळवणाऱ्या डॉक्टर-औषधविक्रेत्यांवर उगारला आहे, आणि तो तिथेच राहावा.

अन्नाच्या मुद्द्यावर माझ्या बाजूची एक अडचण सांगतो. मद्रासच्या त्या अभ्यासात घरी राहणाऱ्यांचा आहार सॅनेटोरियममधल्यांपेक्षा निकृष्ट होता, तरी ते तितकेच बरे झाले. औषध असले की अन्नाची फिकीर नको, असा सोयीस्कर अर्थ त्यातून काढला गेला आणि तो कित्येक दशके टिकला. झारखंडमध्ये डॉ. अनुराग आणि माधवी भार्गव यांच्या नेतृत्वाखाली झालेल्या ‘रेशन्स’ चाचणीचे निष्कर्ष २०२३ मध्ये आल्यावर चित्र पालटले. रुग्णांच्या कुटुंबीयांना दरमहा तांदूळ-डाळ दिल्याने त्या घरांत नवा क्षय होण्याचे प्रमाण ३९ टक्क्यांनी घटले, आणि उपचाराच्या पहिल्या दोन महिन्यांत ज्या रुग्णांचे वजन वाढले त्यांच्यात मृत्यू बरेच कमी झाले. रुग्णाच्या खात्यात पोषणाचा भत्ता जमा करणाऱ्या निक्षय पोषण योजनेत २०१८ पासून महिन्याला पाचशे रुपये होते, नोव्हेंबर २०२४ पासून हजार झाले. वाढ स्वागतार्ह आहे. पण गोळी चुकली म्हणून हाच भत्ता थांबवायचा, ही सूचना जे करतात ते उपाशीपोटी गोळी घेतल्यावर होणारी मळमळ वाढवून खाडे कमी करू पाहतात.

आणि यंत्रणेचे खाडे? मार्च २०२४ मध्ये केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने राज्यांना पत्र लिहून क्षयरोगाची औषधे तीन महिन्यांपुरती स्थानिक पातळीवर विकत घ्यायला सांगितले, कारण केंद्राचा पुरवठा लांबला होता. ते ज्या जिल्ह्यांना जमणार नाही तिथे रुग्णाने स्वतः औषध घ्यावे आणि नंतर पैसे परत मिळवावेत, अशीही सोय त्यात होती. महाराष्ट्रासह अनेक राज्यांतून टंचाईच्या तक्रारी आल्या. २०१३ मध्येही असेच घडले होते. या दिवसांत ज्यांच्या गोळ्या चुकल्या, त्यांच्या उपचार कार्डावर त्या तारखा रिकाम्याच दिसणार, दारूच्या नशेत गोळी विसरलेल्याच्या दिसतात तशाच. पुठ्ठ्याचा खोका जाऊन रोजच्या मिश्रगोळ्यांची पाने आली, हे वैद्यकीयदृष्ट्या योग्यच झाले. पण खोक्याबरोबर त्यावर लिहिलेले नावही गेले. ते परत आणावे. निदानाच्या दिवशीच पूर्ण कोर्सचा साठा त्या रुग्णासाठी राखून ठेवावा आणि हंगामाला निघालेल्या माणसाला तो पुरेशा मुदतीचा हातात द्यावा. कार्डावर प्रत्येक तारखेला सध्या एक चौकोन असतो, तिथे दोन असावेत: आज रुग्णाच्या हाती औषध होते का, हे आरोग्य केंद्राने सहीनिशी लिहायचे, आणि गोळी घेतली का, हे त्यानंतर विचारायचे.